सोलापूर महापालिका : पाणी, ड्रेनेज आणि बस यांवरच्या उमेदवारांच्या भूमिका, शेजारी शेजारी ठेवून

सोलापूर महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. जवळजवळ चार वर्षांत एकाही अंदाजपत्रकावर, एकाही ठेक्यावर निवडून आलेल्या माणसाने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारलेला नाही. 15 जानेवारी 2026 रोजी 26 प्रभागांतून 102 नगरसेवक निवडायचे होते, आणि ही मांडणी त्या मतदानापूर्वीची आहे. त्यांपैकी 24 प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन प्रभाग तीन सदस्यांचे असल्यामुळे बहुतेक मतदारांना चार मते द्यावी लागतील, आणि म्हणून उमेदवारांची पारखही चार वेळा करावी लागेल.

कोपरा सभांत आणि घरोघरी येणाऱ्या पत्रकांत ज्या भूमिका मांडल्या जातात, त्या पक्षाच्या नावाने वेगळ्या केल्या तर फारसे काही हाती लागत नाही, कारण पाणी, रस्ते आणि स्वच्छता हे तीन शब्द सगळ्यांच्याच पत्रकावर असतात. कामाच्या स्वरूपावरून विभागणी केली की फरक दिसू लागतो. एका बाजूला मोठी योजना आणून प्रश्न मुळापासून सोडवण्याची भाषा आहे. दुसऱ्या बाजूला आज जे आहे तेच नीट चालवण्याची, दुरुस्तीची आणि देखरेखीची भाषा आहे. या दोन बाजू मी विषयवार मांडतो. प्रत्येक विषयात मला एकच बाजू पटलेली नाही, हे आधीच नमूद करतो.

सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी. शहराला पाणी तीन ठिकाणांहून येते : उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, उजनीतून भीमा नदीत सोडलेले पाणी टाकळी येथे उचलून, आणि हिप्परगा म्हणजे एकरुख तलावातून. धरण भरलेले असले तरी घरात चार-पाच दिवसांआड पाणी येते, हा सोलापूरकरांचा जुना अनुभव आहे. मोठ्या योजनेची बाजू मांडणारे उमेदवार याचे उत्तर उजनीच्या समांतर जलवाहिनीत पाहतात. सुमारे 110 किलोमीटर लांबीची आणि दररोज 170 दशलक्ष लिटर क्षमतेची ही वाहिनी पूर्ण ताकदीने चालू लागली की रोज पाणी मिळेल, असे ते सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे. नदीतून पाणी आणताना शहराला लागणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरणातून सोडावे लागते, कारण वाटेत ते जिरते, बाष्प होऊन उडते आणि काठावरच्या पंपांनी उपसलेही जाते. जुन्या वाहिनीवर कोठे गळती झाली किंवा पंपगृहाची वीज काही तास गेली, तरी साऱ्या शहराचे रोटेशन, म्हणजे भागवार पाणी सोडण्याची पाळी, एक दिवसाने पुढे ढकलले जाते. त्यामुळे दुसरी वाहिनी ही शहराची खरी गरज आहे, यात वाद नाही.

देखरेखीची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा मात्र वाहिनी शहराच्या वेशीवर आल्यानंतर सुरू होतो. पाकणीच्या केंद्रात शुद्ध झालेले पाणी टाक्यांत साठवावे लागते आणि तेथून गल्लोगल्लीच्या नळांत पोहोचवावे लागते. टाक्या अपुऱ्या असतील, गावठाणातल्या पेठांमधले नळ जुने आणि गळके असतील, उंचावरच्या वसाहतींत दाबच येत नसेल, तर धरणातून दुप्पट पाणी आले तरी शेवटच्या घरात ते पोहोचणार नाही. माझा कौल येथे दुसऱ्या बाजूला आहे. समांतर वाहिनीचे निर्णय राज्य शासन आणि आयुक्तांच्या पातळीवर होतात, आणि प्रभागाच्या नगरसेवकाचा त्यातला वाटा मर्यादित असतो. पण आपल्या भागाची टाकी कोणती, चावीवाला व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो, किती तासांनी बंद करतो, रात्री दोनची वेळ संध्याकाळी का आणता येत नाही, हे प्रश्न झोन कार्यालयात जाऊन लावून धरणे हे नगरसेवकाचेच काम आहे. पूर्वभागात घरी बसून विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर पाळीने जाणाऱ्या कुटुंबाला पाण्याच्या दिवशी वेळेचा भरवसा नसेल, तर घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते. म्हणून "रोज पाणी देऊ" असे म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा "चार दिवसांआड असले तरी ठरलेल्या वेळी, पुरेशा दाबाने येईल आणि वेळ बदलली तर आदल्या दिवशी कळेल" असे सांगणारा उमेदवार मला अधिक जबाबदार वाटतो. रोज पाण्याचे आश्वासन देणाऱ्याला एवढेच विचारावे की आपल्या प्रभागातल्या नव्या टाक्या आणि अंतर्गत नळ यांचे काम कोठवर आले आहे. ज्याला याचे उत्तर देता येते, त्याच्या मोठ्या योजनेवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

ड्रेनेजच्या बाबतीत माझे मत उलटे आहे. 1992 मध्ये शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावे महापालिकेत आली. तीस वर्षे उलटून गेल्यावरही आपण त्या भागाला "हद्दवाढ भाग" म्हणतो, आणि यातच सगळे आले. शेतजमिनीवर गुंठ्यांनी प्लॉट पडत गेले, घरे आधी उभी राहिली, आणि रस्ता व ड्रेनेज मागून येण्याची वाट पाहत राहिले. येथे काही उमेदवार चेंबर साफ करून देऊ, मुरूम टाकून देऊ, शोषखड्डे उपसून देऊ असे म्हणतात. ही मदत खोटी नाही, पावसाळ्यात चिखलातून मुलांना शाळेत नेणाऱ्या आईला ती हवीच असते. पण मुरूम एका पावसात वाहून जातो, आणि ड्रेनेज न टाकता केलेला रस्ता पुढे ड्रेनेजसाठीच खोदावा लागतो. त्यामुळे या भागात मोठ्या योजनेची बाजू धरणारा, आधी मुख्य मलवाहिनी, मग जोड, मग रस्ता हा क्रम उघडपणे सांगणारा आणि त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागेल हेही मान्य करणारा उमेदवार निवडणे मला योग्य वाटते. असे बोलणाऱ्याला मते कमी पडण्याची भीती असते, आणि तरीही तो बोलतो, हे त्याच्या बाजूने धरले पाहिजे.

याच विषयाला लागून नाल्यांचा प्रश्न येतो. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, हिप्परगा तलाव भरून वाहू लागला आणि अदिला नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपण तिला नाला म्हणू लागलो होतो, पण पाण्याने तिचे मूळ पात्र आठवणीत ठेवले होते. यावर एक भूमिका नालेसफाईची आहे : दर मे महिन्यात गाळ काढू. दुसरी भूमिका पात्राची रुंदी मोजून घेऊन त्यातली अतिक्रमणे काढण्याची आणि तेथील कुटुंबांना पर्यायी जागा देण्याची आहे. पहिली सोपी आहे आणि तिला कोणाचा विरोध नाही. दुसरीत काही घरे आणि काही बांधकामे अंगावर येतात, म्हणून तिच्यावर बोलताना बहुतेक जण आवाज खाली आणतात. पुनर्वसनाबद्दल अवाक्षर न काढता केवळ अतिक्रमण हटवण्याची घोषणा करणारा उमेदवारही मला तितकाच अपुरा वाटतो, कारण नदीकाठी राहायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसरी परवडणारी जागा मिळालेली नसते.

अग्निशमन हा विषय पत्रकांत क्वचितच दिसतो. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण सूत आणि कापडाच्या साठ्याशेजारी माणसे राहतात, हे वास्तव त्या अभिमानाइतकेच आपले आहे. अग्निशमन दल महापालिकेचे असल्याने कारखान्यांची आग-तपासणी, गाड्यांची स्थिती आणि भरतीतल्या रिकाम्या जागा यांवर सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नगरसेवकाला आहे. कारखानदारांना त्रास नको म्हणून तपासणी सैल ठेवण्याकडे झुकणारी भूमिका आणि मुदत देऊन पण सक्तीने तपासणी करण्याची भूमिका, या दोहोंत मला निवड करायला वेळ लागत नाही. आपल्या प्रभागातल्या उमेदवाराने या विषयावर एक वाक्यही उच्चारले नसेल, तर ते त्याच्याकडून काढून घ्यावे.

परिवहन उपक्रमाबद्दल थोडक्यात. एक बाजू केंद्राच्या योजनेतून येणाऱ्या इलेक्ट्रिक बसवर भिस्त ठेवते, दुसरी आहे त्या गाड्या दुरुस्त करून मार्ग वाढवा म्हणते. या शहराने केंद्राच्या पैशातून आलेल्या बस काही वर्षांत आगारात उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे गाड्या किती येणार यापेक्षा त्यांची देखभाल कोणाकडे आणि तोटा कोण सोसणार, यावर ज्याची भूमिका स्पष्ट तो पुढे. कचऱ्याबाबत दोन्ही बाजूंत फार फरक नाही. घंटागाडी वेळेवर यावी असे सगळेच म्हणतात, आणि भोगाव डेपोवर साठलेल्या कचऱ्याबद्दल फार थोडे जण बोलतात.

मिळकत करावर मात्र थांबावे लागेल. करात सूट, दंडमाफी ही आश्वासने ऐकायला गोड आहेत. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यानंतर महापालिकेला राज्याच्या अनुदानावर आणि मिळकत करावर अवलंबून राहावे लागते. जो उमेदवार एकाच पत्रकात कर कमी करण्याचे आणि सर्व रस्ते काँक्रीटचे करण्याचे वचन देतो, त्याने पैसे कोठून येणार हे सांगितले पाहिजे. बड्या थकबाकीदारांकडून वसुली आणि नोंद नसलेल्या मिळकतींची नोंद, ही दुसरी भूमिका प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या घराला न्याय देणारी आहे.

विमानसेवा, उड्डाणपूल आणि आयटी पार्क हे विषय या तुलनेतून मी जाणीवपूर्वक वगळले आहेत. ते शहरासाठी महत्त्वाचे आहेत, पण त्यांचा जाब खासदार, आमदार आणि संबंधित खात्यांना विचारायचा आहे.

मतदानाच्या यंत्रावर अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत नोंदवायचे असते, आणि चारही मते एकाच चिन्हाला देण्याचे बंधन नाही. पाण्यावर ज्याची तयारी दिसते त्याला एक, ड्रेनेजवर जिने अभ्यास केला आहे तिला दुसरे, असे करता येते. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तेथे नोटा आहे. 102 पैकी 51 जागा महिलांसाठी राखीव आहेत. महिला उमेदवार दारात आल्यावर तिच्या वतीने पती किंवा दीर उत्तर देऊ लागले, तर प्रश्न पुन्हा तिलाच विचारावा, कारण सभागृहात हात तिला वर करायचा आहे. आणि पूर्वी निवडून आलेला माणूस पुन्हा मत मागत असेल, तर 2017 ते 2022 या काळात सर्वसाधारण सभेत आपल्या प्रभागातले कोणते दोन विषय मांडले, त्यांचे पुढे काय झाले, एवढे त्याच्याकडून लेखी मागून घ्यावे.