स्कुबाचे 'सर' आणि माझे १८,००० रुपये

पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली आम्ही माणसं, पाण्याला काय घाबरणार! याच रगीत फसलो. कोल्हापुरात राजारामपुरीत स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली बुडी मारायला, शिकवणाऱ्या सरांची भाड्याची खोली, भिंतीवर व्हेल शार्कचा फोटो. थिअरी, मग स्विमिंग टँक, मग मालवणात समुद्रात चार डाईव्ह, म्हणजे बुड्या, आणि शिकल्याचं 'इंटरनॅशनल' कार्ड. १८,००० आगाऊ भरले. सरांनी स्वतःचं कार्डही दाखवलं, पण अर्ध्यावर अंगठा ठेवून. तेव्हा लक्षात आलं नाही.

सिलिंडरला ते सारखं 'ऑक्सिजन' म्हणायचे. त्यात असते साधी हवा, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात. तब्येतीचा फॉर्मही भरून घेतला नाही. एका पोराला दमा होता, तर म्हणाले, "काय होत नाही भावा."

मालवणात पहिल्याच बुडीला माझे कान ठणकायला लागले. नाक दाबून कानाकडं हवा ढकलायची, हे होडीत बसल्यावर एकदाच सांगितलेलं. घाबरलो आणि श्वास रोखून वर सुटलो. दहा मीटरवरून तसं वर आलं तर फुप्फुसातली हवा दुप्पट फुगायला बघते, फुप्फुस फाटू शकतं. मला धरलं ते होडीवरच्या मालवणी पोरानं. सर पुढं मासे दाखवत होते.

चारऐवजी दोनच बुड्या झाल्या आणि फर्मान निघालं, जेवून लगेच गाडीत बसा. तेच पोरगं म्हणालं, आज घाट चढू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. बुडीत अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच विमानात बसण्याआधी एका बुडीनंतर १२ तास, जास्त बुड्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात. कोल्हापुरातनं माणसं नेणाऱ्याला हे आधी माहीत नको?

कार्ड महिनाभर 'येतंय'. शेवटी इन्स्ट्रक्टर नंबर मागितला, तर त्यांनी कार्डाचा फोटो पाठवला. अंगठ्याखाली होतं 'ओपन वॉटर डायव्हर', म्हणजे शिकाऊ माणसाला मिळणारी पहिली पायरी. पॅडी या स्कुबाची कार्डं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायलाच किमान १०० नोंदवलेल्या बुड्या लागतात, त्याआधी डाईव्हमास्टर, म्हणजे बुडीतला वाटाड्या, व्हावं लागतं. पॅडीच्या साइटवर 'प्रो चेक'मध्ये नंबर टाकला की खरं-खोटं कळतं. मी ते पैसे गेल्यावर केलं.

५,००० परत मिळाले, त्यासाठी सतरा फोन. पोलिसांत अर्ज दिलाय. याच खोलीत कुणी पैसे भरले असतील तर पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि चॅट पुसू नका.