सासऱ्यांची बुलेट, आठ महिने: डबा 'गेला' नव्हता

खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यावरून दुसरा टाकला आणि गाडीने नुसता आवाज केला. इंजिन बोंबलतंय, चाकाला काही पोचत नाही, मागे ट्रकचा हॉर्न. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला तो खोटा न्यूट्रल, म्हणजे कुठलाच गिअर नीट न बसलेली जागा, ज्यांनी चाखलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

गाडी १९८४ ची. उजव्या पायाला गिअर, एक वर तीन खाली, अल्बियन पद्धतीचा चार गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स. पहिले दोन महिने मी डाव्या पायाने गिअर टाकायला जायचो आणि भर रस्त्यात मागचा ब्रेक लागायचा. ती चूक माझी. पण खोटा न्यूट्रल माझा नव्हता. बायको एकच वाक्य ऐकवायची, "बाबांना कधी नाही अडला."

एका नावाजलेल्या मिस्त्रीने गाडी न खोलता निदान केलं: डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजलेत, डबा उतरवावा लागेल, अकरा हजार. याच माणसाने चार महिन्यांपूर्वी किकचं ऑइल सील बदलायला बाहेरचं कव्हर काढलं होतं, हे मला घरी आल्यावर आठवलं. अकरा हजारांत माझा वर्षाचा विमा, पेट्रोल आणि चहा निघतो.

मग रविवारी स्वतःच बसलो. डब्याचा फिलर, म्हणजे ऑइल भरायचं भोक, उघडलं तर आत चाकाच्या बेअरिंगला लावतात तसलं घट्ट ग्रीस. गळू नये म्हणून भरलेलं. गिअरांनी त्यातून आपल्यापुरती वाट कापून घेतली होती, बाकी माल भिंतीला चिकटून बसलेला, म्हणजे फिरणारे दात कोरडेच. रॉकेलने धुऊन काढलं, नव्वद नंबरचं ऑइल भरलं. अर्धा फरक तिथेच पडला.

उरलेला अर्धा फूट-कंट्रोलच्या, म्हणजे पायाच्या गिअर-यंत्रणेच्या, छोट्या कव्हराखाली होता. तिथली स्टॉप प्लेट, म्हणजे गिअर टाकताना हालचाल कुठे थांबायची ते ठरवणारी पट्टी, दोन नटांवर बसते आणि तिची भोकं लांबट असतात, म्हणजे ती थोडी इकडेतिकडे सरकते. मूळ जागा मार्करने आखून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी रात्र जाईल. गाडी मेन स्टँडवर, बायकोच्या हातात बॅटरी, मी एका हाताने मागचं चाक फिरवतोय, दुसऱ्याने गिअर दाबतोय. चाक फिरतं ठेवलं नाही तर डॉग समोरासमोर अडतात आणि उगाच प्लेटवर संशय येतो. एकीकडे सरकवली की चौथा छान बसे पण पहिला निम्म्यात राही. दुसरीकडे नेली की उलट. मधली जागा केसाएवढी आहे. सापडली तेव्हा पावणेबारा वाजले होते.

खर्च क्लचच्या केबलसकट ७४० रुपये.

इथवर लिहून तीन आठवडे झाले. तेव्हा 'आता लोण्यासारखा गिअर' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. सकाळी थंड गाडीला पहिला टाकताना अजून खाडकन आवाज व्हायचा. तो डब्याचा नव्हे, क्लचचा. रात्रभरात क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. आता सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन किका मारतो, त्या सुटतात. केबलला लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील हवी, मी हौसेने ताणून ठेवली होती. आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकताना घाई केली तर खोटा न्यूट्रल अजूनही भेटतो. म्हणजे डॉग थोडे झिजलेत हे त्या मिस्त्रीचं खरंच होतं, अकरा हजारांचं नव्हतं.

तरी गाडी विकत नाही, त्याचं कारण एकच: न्यूट्रलचा खटका. सिग्नल दिसला, चौथ्यात असलात तरी क्लच दाबा, टाच टेकवा, टक्. थेट न्यूट्रल. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून. माझ्या नव्या स्कूटरमागे वीसेक वर्षांचं संशोधन असेल, पण तिच्यात असं काही सुख नाही. स्वारगेटच्या सिग्नलला मी कधीकधी गरज नसताना टाच मारतो.

ऑइल अर्थातच गळतं, ग्रीस नाही ना आता. खाली पुठ्ठा घालतो, दर पंधरवड्याला बदलतो. सध्या शेजाऱ्यांच्या टीव्हीचं खोकं चालू आहे.