पणजोबांना सुभेदार करणारा माणूस

पणजोबांचा आमच्याकडे एकच फोटो. डोक्याला फेटा, पायांना पट्ट्या, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा. असल्या फोटोवरून पलटण, हुद्दा, लढाया शोधून देणारे एक गृहस्थ ओळखीतून घरी आले. चहा घेता घेता पहिलाच प्रश्न, "घरात काय सांगतात यांच्याबद्दल?" बाबांनी भरभरून सांगितलं: सुभेदार होते, तुर्कांनी इराकात कूटला घातलेल्या वेढ्यात होते, मेडल मिळालेलं. गृहस्थ वहीत उतरवत होते. शोधणार ते आणि सांगतोय आम्ही, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

आठ हजार आगाऊ दिले. स्कॅन चालत नाही म्हणून मूळ फोटोही नेला. दोन महिन्यांनी रंगीत मोठा फोटो, प्रमाणपत्र आणि मेडल आलं. त्याचे आणखी दहा हजार. बाबांना रडू आवरेना.

मूळ फोटो देण्याआधी मी मोबाइलवर टिपून ठेवला होता, ते नशीब. त्यात बाहीवर दोन फिती आहेत, म्हणजे नाईक, सुभेदाराच्या बऱ्याच खालचा हुद्दा. रंगीत फोटोत बाही कोरी आणि खांद्यावर सुभेदाराचे दोन स्टार! प्रमाणपत्रात '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री, कूट, १९१६'. हे नाव पलटणींना मिळालं १९२२च्या फेररचनेत. त्याआधी १०३, १०५, ११० असे आकडे होते, आणि आमच्या फोटोत खांद्यावर पितळी ११० चक्क वाचता येतं. ११०वी पलटण खरोखर कूटला होती, डिसेंबर १९१५ पासून ब्रिटिश फौजेच्या २९ एप्रिल १९१६च्या शरणागतीपर्यंत. म्हणजे बाबांच्या गोष्टीतला कूटचा धागा फोटोतच होता, फुकट.

मेडल मात्र अस्सल, चांदीचं. अशा मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. आमच्या मेडलवर पणजोबांचं नाव चकचकीत कोरलंय, पण कडेवरून अंगठा फिरवला की नावापाशी धातू खोलगट लागतो. आधीचं नाव कानशीने घासून काढलंय. कुणाचं होतं, देव जाणे.

तुम्ही असं काही करणार असाल तर स्कॅनच द्या, आणि घरातली गोष्ट आधी सांगू नका; समोरच्याला बोलू द्या. युद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात. मराठा पलटणीचं केंद्र बेळगावात आहे, तिथे पत्र टाकायला फारसे पैसे पडत नाहीत.

गृहस्थ आता फोन उचलत नाहीत. मूळ फोटो त्यांच्याकडेच आहे. सुभेदारांची फ्रेम बाबा भिंतीवरून काढू देत नाहीत.