दुर्बिणीतून किडनी काढल्यानंतरचे महिने

निकामी किडनी दुर्बिणीने काढावी का, असं पुण्यात बरेच जण विचारतात. ऑपरेशनला काही महिने उलटल्यावर आमचं मत पक्कं आहे: काढायची वेळ आलीच आणि दुर्बिणीने जमत असेल, तर दुर्बिणीनेच काढा. मात्र टाके लवकर भरतात म्हणून पुढची काळजी सोडू नका.

आधी डीटीपीए स्कॅन, म्हणजे कोणती किडनी किती काम करते ते मोजणारी तपासणी, नीट वाचा. खराब किडनीचं काम एकूण कामाच्या 10 टक्क्यांखाली असेल, तर साधारण ती काढण्याचा विचार होतो. पण मुतखड्याने वाट अडून किडनी फुगली असेल, तर तेवढ्या आकड्यावर निर्णय नको. पाठीतून नळी टाकून काही आठवडे लघवी बाहेर काढतात आणि मग पुन्हा मोजतात. कधी कधी काम वाढतं आणि किडनी वाचते. ही पायरी का गाळली, हे डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच नको.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, कुशीवर झोपवून होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब पाऱ्याच्या 12 ते 15 मिमीइतका. 5 ते 12 मिमीची तीन-चार छिद्रं. मोठं आतडं बाजूला सारून मूत्रवाहिनी शोधतात आणि तिच्या मागाने वर किडनीच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. आधी धमनी बंद करतात, मग शीर. क्रम उलटला तर रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही आणि किडनी रक्ताने तटतटते. सुटी झालेली किडनी पिशवीत घालून बहुधा ओटीपोटावरच्या पाच-सात सेंटिमीटरच्या चिरेतून काढतात. म्हणजे ‘फक्त छिद्रं’ हे अर्धंच खरं.

टीबी किंवा जुना पू असेल, तर किडनी आतड्याला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना घट्ट चिकटलेली असते. तिथे पोट उघडावं लागलं तर ते अपयश नव्हे, शहाणपण आहे. संमतीपत्रावर तसं लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवतं, त्याची ती कळ. चालायला लागलं की कमी होते. पुण्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही, तरी खड्ड्यांतून गाडी हाणायची घाई नको. चार ते सहा आठवडे सिलिंडर, पाण्याच्या बादल्या उचलू नका.

काढलेली किडनी आधीच निकामी असेल, तर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळते तो टाकाऊ पदार्थ) फारसं बदलत नाही. आकडा दर तपासणीला चढत गेला तर मात्र नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, जा. रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासत राहा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामकं मनाने घेऊ नका. सीटी स्कॅनला रंगद्रव्याचं इंजेक्शन देण्याआधी एकच किडनी असल्याचं सांगा.

आणि काढलेल्या किडनीच्या बायोप्सीचा रिपोर्ट! डिस्चार्जनंतर तो आणायचा राहून जातो. त्यात टीबी निघाला, तर औषधांचा कोर्स तिथून पुढे सुरू होतो.