एन्जिनएक्स रीलोड: आठ महिने वापरल्यावर

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची फाइल, बदलली की आधी माझा हात सवयीनं रीस्टार्टवरच (सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यावर) जायचा. मग एकदा कॉन्फिगमध्ये सेमिकोलन टाकायचा राहिला. रीस्टार्ट मारला, सर्व्हर बंद झाला आणि परत उठेचना. चुकीची ओळ सापडेपर्यंत साइट आडवी. तेव्हापासून आधी टेस्ट (फाइल तपासणारी कमांड), मग रीलोड, म्हणजे सर्व्हर चालू ठेवूनच नवी कॉन्फिग लावणं.

रोजच्या कामाला रीलोड झकास आहे. मास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, नवी फाइल वाचते, पटली तर नवे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) उभे करते, आणि जुने वर्कर हातातल्या रिक्वेस्ट संपवून निघून जातात. पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फाइल नाही पटली, तर जुन्याच कॉन्फिगवर गाडी चालू राहते.

हेच मला तिसऱ्या महिन्यात भोवलं. प्रॉक्सी कॅशेचा (मागच्या सर्व्हरची उत्तरं साठवण्याचा) फोल्डर बदलला, त्या कॅशेच्या झोनचं, म्हणजे त्याच्या मेमरीतल्या नोंदवहीचं, नाव तेच ठेवलं. टेस्ट पास. रीलोडनं चकार शब्द काढला नाही. दोन दिवसांनी कळलं की सगळा कारभार जुन्याच कॉन्फिगवर चाललाय! एरर लॉगमध्ये तक्रार पडलेली होती, बघितली कोणी? टेस्ट म्हणजे वेगळी, कोरी प्रोसेस. आधी कॅशे कुठे होता हे तिच्या गावीही नसतं. चालू मास्टरला मात्र ते माहीत असतं आणि ती नव्या जागेला नकार देते. त्यात मधल्या दोन दिवसांतले बाकीचे बदलही याच्यामागे अडकलेले. झोनचं नाव बदललं आणि साध्या रीलोडनं काम झालं. पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामनं धरून ठेवला असेल तरी टेस्ट अशीच 'ओके' म्हणते. आता रीलोडनंतर एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचल्याशिवाय टर्मिनल बंद करत नाही.

वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी राहणारी कनेक्शन, असतील तर आणखी एक डोकेदुखी. कनेक्शन तुटत नाही, म्हणून जुने वर्कर हटत नाहीत. दिवसात चार-पाचदा रीलोड केलं की मेमरी खात बसलेली ही मंडळी वाढत जातात. एन्जिनएक्सच्या 1.11.11 आवृत्तीपासून 'वर्कर_शटडाउन_टाइमआउट' आहे (ठरलेल्या वेळेनंतर जुन्या वर्करची कनेक्शन तोडणारी सेटिंग), तो लावला. फक्त तो जुन्या वर्करच्या कॉन्फिगमध्ये आधीपासून हवा. आज लिहिला तर आजच्या रीलोडला कामाचा नाही.

साइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटच्या नूतनीकरणानंतर रीलोड सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या प्रोग्रामच्या) डिप्लॉय हुकवर, म्हणजे नूतनीकरण झालं की चालणाऱ्या कमांडवर, सोपवलंय, त्याची कटकट नाही. एन्जिनएक्सची नवी आवृत्ती टाकली की मात्र रीलोड कुचकामी, कारण मास्टर जुन्याच बायनरीवर (प्रोग्रामच्या फाइलवर) चालत राहते. तिथे अजूनही रीस्टार्टच करतो, टेस्ट लावून.