बायकांचं थर्मल: किंमत नंतर, आधी गळा बघा

उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला वापरलेल्या थर्मलची काखेतली शिवण उसवली म्हणून दुकानात गेले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, इनरवेअर बदलून मिळत नाही." चौदाशे रुपये घेताना हेच ट्रेकिंगचं कापड होतं! शिवण मी घरी टाके घालून घेतली. माझा खरा राग गळ्यावर आहे.

आपल्याकडे बायकांचं थर्मल कुर्त्याखालून दिसू नये या हिशोबाने शिवतात. गळा खोल, बाही पाऊण, वर लेस. थंडीतल्या लग्नाला ते चालेल. पण केदारकंठ्याच्या ३,८१० मीटरच्या माथ्यासाठी मध्यरात्रीनंतर तंबूतून निघायचं असतं, तेव्हा बफ, म्हणजे गळ्याभोवतीची कापडी नळी, कितीही खाली ओढला तरी गळ्याखाली चार बोटं जागा उघडी राहते. फ्लीसच्या उबदार जॅकेटची चेन जरा उघडली की वारा तिथूनच आत शिरतो. शेजारच्या पुरुषांच्या रॅकवर मात्र उंच कॉलर, हाफ झिप, सगळं हजर. त्यातलं स्मॉल घेऊन बघितलं. खांद्यात ढगळ, कमरेखाली घट्ट, आणि सॅकचा हिप बेल्ट बांधला की वर सरकतं.

पहिल्या हिवाळ्यानंतर माझं ठाम मत होतं की मेरिनो, म्हणजे मेंढीच्या मऊ लोकरीचं थर्मल, म्हणजे पैशांची उधळपट्टी. आता तसं म्हणणार नाही. सेलमध्ये बायकांच्या मापाचा हाफ झिपवाला मेरिनो टॉप मिळाला आणि चढण सुसह्य झाली. अंग तापलं की चेन खाली, थांबलं की हनुवटीपर्यंत वर. घाम कमी येतो, म्हणून थांबल्यावर हुडहुडीही कमी भरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते, तरी अंगाला गार लागत नाही. सलग घातला तरी वास मारत नाही. पॉलिस्टर दुसऱ्याच दिवशी तंबूत नकोसं होतं. सुकायला मात्र पॉलिस्टरच लवकर, आणि लोकरीला कसर लागते, तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा. सॅकच्या पट्ट्याखाली माझा टॉप आताच विरायला लागलाय, हे त्या किमतीला जिवावर येतं.

चालताना १५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं कापड) पुरतं. २५० वालं तंबूत झोपायला. डिसेंबरात हरिश्चंद्रगड चढताना तर थर्मल घालूच नका, वर पोचल्यावर कोरडं थर्मल चढवा.

आणि आत सुती ब्रा असेल तर वरचं महागडं कापड फुकट. सॅकखाली तिचा पट्टा ओला होतो आणि ओलाच राहतो, पाठ गारठते. सिंथेटिक स्पोर्ट्स ब्रा घ्या, त्याला मेरिनोची गरज नाही.

ट्रायल रूममध्ये दोन्ही हात वर करा, मग बुटाची नाडी बांधायला वाकतो तसं वाका. कंबर उघडी पडली तर सूट कितीही असो, तो टॉप तिथेच ठेवून या.