सोनं दिसतंय, निकेल कुठंय? विंडो मेटलायझेशनमधली फसवणूक

ज्यांना ऑप्टिकल विंडोचं मेटलायझेशन (पारदर्शक खिडकीवर धातूचे पातळ थर चढवणं) बाहेरून करून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सप्लायरचं नाव देत नाही. युक्ती मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कुणीही वापरू शकतं.

सफायरच्या विंडोच्या कडेला धातूचा पट्टा, तो कोव्हार या निकेलयुक्त मिश्रधातूच्या फ्रेमला सोल्डर केलेला आणि आत सेन्सर, असं आमचं हवाबंद पॅकेज. ड्रॉइंगवर तीन थर स्पष्ट लिहिले होते: क्रोमियम, निकेल, सोनं. सोनं थेट सफायरला नीट धरत नाही, म्हणून तळाला क्रोमियम. वितळलेल्या सोल्डरमध्ये सोनं बघता बघता विरघळतं, म्हणून मध्ये निकेल. सोल्डरची खरी पकड त्याच्यावरच बसते. वरचं सोनं निकेलवर ऑक्साइड धरू नये एवढ्यासाठी.

नमुने उत्तम आले. मग बॅच आली, तीही पिवळीधमक. टेप चिकटवून ओढली, काही निघालं नाही. निघणारही नव्हतं, क्रोमियम जागेवर होतं ना! मधला थर आहे की गायब, हे टेपला कसं कळणार? आणि सोन्याचा थर १०० नॅनोमीटरचा असला तरी डोळ्यांना भरीव सोन्यासारखाच दिसतो.

आम्ही ८०-२० सोनं-कथील सोल्डर वापरतो, ते २८० अंश सेल्सिअसला वितळतं. जोड मायक्रोस्कोपखाली घेतला, तर सोल्डर अळवावरच्या पाण्यासारखं गोळा झालेलं. मध्ये मध्ये करडं क्रोमियम उघडं, कोपऱ्यांत चक्क फटी.

सप्लायरचं उत्तर ठरलेलं: "तुमचं ओव्हन प्रोफाइल (तापमान-वेळेचं गणित) चुकलंय. पॅकेज पाठवा, आम्ही तपासतो." रिपोर्ट आला: हेलियम लीक टेस्ट, पास. फट डोळ्यांना दिसतेय आणि कागद म्हणतोय पास!

हा दुसरा डाव आधी माहीत असलेला बरा. फाइन लीक टेस्टमध्ये, म्हणजे बारीक गळतीच्या चाचणीत, पॅकेज दाबाखालच्या हेलियममध्ये ठेवतात आणि नंतर बाहेर किती हेलियम झिरपतो ते मोजतात. भोक मोठं असेल तर मोजणी सुरू होण्याआधीच सगळा हेलियम निघून गेलेला असतो आणि आकडा सुंदर येतो. म्हणून मोठ्या गळतीची, म्हणजे ग्रॉस लीक टेस्ट वेगळी करावी लागते. आम्ही तेच पॅकेज गरम फ्लोरोकार्बन द्रवात बुडवलं, तर कोपऱ्यांतून बुडबुड्यांची माळच लागली.

मग एक्सआरएफवर, म्हणजे एक्स-रे मारून कुठला धातू किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, थर मोजून घेतले. नमुन्यांत निकेल होतं, बॅचमध्ये नावालाही नाही. सर्टिफिकेटवरची जाडी कुठल्यातरी विटनेस पीसची (चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या तुकड्याची) निघाली, आमच्या विंडोची नव्हेच. पैसे परत मागितले, तर पुढच्या ऑर्डरवर सूट देऊ केली. पॉलिश केलेली सफायर आमची होती. ती गेली ती गेलीच.

आता ऑर्डरमध्येच लिहून घेतो: आलेल्या बॅचमधल्या, आम्ही निवडलेल्या विंडोवर एक्सआरएफ आणि सोल्डर टेस्ट, पेमेंट त्यानंतर. लीक टेस्ट फाइन आणि ग्रॉस दोन्ही. शिवाय प्रत्येक बॅचमधल्या थोड्या विंडो सोल्डर न करता बाजूला ठेवा. आमच्याकडे त्या होत्या म्हणून पुरावा हाती लागला. कोव्हारमध्येच साधारण २९ टक्के निकेल असतं, त्यामुळे फ्रेमला जोडलेल्या विंडोवर मशीन निकेल दाखवणारच, आणि मग सप्लायरशी वाद घालायला तुमच्याकडे काही उरत नाही.